चार बायका हव्यात

"तुमची आडनावं पेणकर, दिवेकर, किहीमकर, आणि तुम्ही ज्यू कशा हो?" लग्न होऊन ठाण्यात आल्यापासून हा प्रश्न मला कितीजणींनी विचारला असेल! उत्तर सोपे आहे. आम्ही बेने इस्राएल. कुलाब्याच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलो, तेलाचे घाणे चालवले, शनिवारी ते बंद ठेवले म्हणून 'शनवार तेली' झालो. ज्या गावात राहिलो, त्याचेच आडनाव लावले. घरात बोलतो ती मराठीच.

पण आज सांगायचे आहे ते वेगळेच. समाज लहान झाला की बाईमाणसावर काय काय येऊन पडते, ते.

१९५१ च्या शिरगणतीत भारतात सुमारे २६ हजार ज्यू होते. १९४८ साली इस्रायल झाले आणि पुढच्या काही वर्षांत घरेच्या घरे तिकडे गेली. आता देशभरात मिळून आम्ही पाच हजारांच्या आसपास. मागे राहिली त्यांत म्हातारी माणसे बरीच.

आमच्या वाडवडिलांनी सोयी मात्र भक्कम करून ठेवल्या. मुंबईत मांडवीचे प्रार्थनालय १७९६ चे, ठाण्याचे १८७९ चे. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी १८७५ साली समाजाच्या मुलांसाठी मुंबईत शाळा काढली, तीच आजची माझगावची सर एली कदुरी शाळा. आता तिथे शिकतात ती बहुतेक दुसऱ्या समाजांची मुले. झाड एकाने लावले, सावली सगळ्यांना! कामा हॉस्पिटलच्या डॉ. जेरुशा झिराड आमच्यातल्याच. १९६६ साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने आम्हाला अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. गरजू वृद्धांना औषधपाण्यासाठी 'जॉइंट' या परदेशी ज्यू मदतसंस्थेचा हातभार लागतो.

पैशाने होणारी कामे अशी होतात. पण काही कामांना माणूसच लागते.

आमच्यात बाई गेली की तिला शेवटची आंघोळ बायकांनीच घालायची, पांढरे साधे कापड नेसवायचे आणि होता होईल तो त्याच दिवशी दफन करायचे. पुरुषांच्या प्रार्थनेला दहाजण लागतात, त्याची चर्चा सगळे करतात. बायकांच्या या कामाची कुणी करत नाही. माझ्या सासूबाईंनी हे काम आयुष्यभर केले. रात्री-अपरात्री कुणी दार वाजवले की पदर खोचून निघायच्या. परवा भाजी निवडता निवडता शांतपणे म्हणाल्या, "अगं, मला आंघोळ कोण घालणार?"

मी गप्प झाले. त्यांच्या बरोबरीच्या निम्म्या इस्रायलला, उरलेल्या अंथरुणाला खिळलेल्या.

मग मी ठरवले. पनवेल, कल्याण, भायखळा इथल्या ओळखीच्या बायकांना फोन केले. तिघी तयार झाल्या, चौथी मी. सासूबाईंनी दोन रविवार आम्हाला बसवून सगळे शिकवले: पाणी कसे ओतायचे, अंग झाकलेलेच कसे ठेवायचे, काय बोलायचे, काय बोलायचे नाही. चौघींचे नंबर मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहेत.

शेजारच्या देशपांडे वहिनींना हे कळले, तर म्हणाल्या, "मला यातलं काही करता येईल का हो?" आंघोळीचे काम आमच्यातल्याच बायकांचे. पण दफनानंतरचे पहिले जेवण घरच्यांनी शिजवायचे नसते, ते शेजाऱ्यांनी आणायचे असते, त्यात उकडलेली अंडी हवीत. "अंडी आमच्या घरात चालत नाहीत," वहिनी म्हणाल्या, "पण भात-आमटी माझ्याकडे. अंडी तुमची तुम्ही बघा." तेही यादीत लिहिले.

मैत्रिणींनो, समाज कोणताही असो, अशी यादी प्रत्येक घरात असावी. अडचणीच्या वेळी कुणाला हाक मारायची, हे आधी ठरलेले बरे.

सासूबाईंनी यादी चष्मा लावून वाचली. म्हणाल्या, "पनवेलची उंच आहे. तिला डोक्याशी उभी करा."