झाकण उघडता येईल असं घे

चि. सायलीस,


परवा तू विचारलंस, ‘आत्या, आय-फाइव्ह घेऊ की आय-सेव्हन?’ आणि मी काही म्हणायच्या आत सांगून मोकळी झालीस की तुझे बाबा, म्हणजे माझा दादा, एफडी मोडतोय, 1 लाख 35 हजारांचा गेमिंग लॅपटॉप ठरलाय, वर्गात बहुतेकांनी तोच घेतलाय. त्यापुढचं तुझं बोलणं माझ्या डोक्यात शिरलंच नाही. ती एफडी कशासाठी राखून ठेवली आहे, हे तुला ठाऊक नाही असं थोडंच आहे? रागावूनच लिहिते आहे. पण शेवटपर्यंत वाच.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नुसत्या आय-फाइव्ह, आय-सेव्हनवर काही ठरत नाही. पुढचा आकडा वाच, पिढी त्यात कळते. 2016 चा आय-सेव्हन 7500यू दोन कोअरचा होता आणि 2022 चा आय-थ्री 1215यू सहा कोअरचा आहे. दुकानदार ‘आय-सेव्हन आहे, स्वस्तात देतो’ म्हणाला की हे आठव. शेवटचं अक्षरही बघ. ‘यू’ कमी वीज खातो, ‘एच’ जास्त काम करतो आणि जास्त तापतो. तू रोज एसटीने उभ्याने जाणार. गेमिंग लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोचा, त्याचा चार्जर वेगळा, आणि बॅटरी दुपारपर्यंत टिकेलच असं नाही. कॉलेजात प्लगसाठी कोणाशी भांडणार आहेस?

आता कामांची यादी कर. कागदावर कर, मनातल्या मनात नको. इंजिनिअरिंगची पहिली दोन वर्षं सी, पायथन, जावा, डेटाबेस. ज्या सी भाषेचं पुस्तक तू घेऊन बसली आहेस, ती डेनिस रिची यांनी 1972 च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये घडवली, ती काही किलोबाइट मेमरीच्या यंत्रावर. तिच्यासाठी ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ते लागतं गेमला, थ्रीडीला, व्हिडिओच्या मोठ्या कामाला आणि मशीन लर्निंगची मॉडेलं स्वतः शिकवायला. तो विषय येईल तेव्हा येईल. तेव्हाही गूगल कोलॅबवर ब्राउझरमधून मर्यादित वेळ जीपीयू फुकट मिळतो आणि शिकण्यापुरता तो पुरतो.

पैसे घालायचेच तर जिथे रोज जाणवतील तिथे घाल. रॅम 16 जीबी, कारण अँड्रॉइड स्टुडिओ, त्याचा एम्युलेटर आणि ब्राउझर एकदम उघडलेस की 8 जीबीवर सगळं अडखळतं. एसएसडी 512 जीबीची. पडदा फुल एचडी आणि आयपीएस. तुझ्या चष्म्याचा नंबर मागच्या वर्षी पुन्हा वाढलाय, तेव्हा पडद्यात काटकसर मुळीच नको. कीबोर्डावर दुकानातच पानभर टाइप करून बघ. एवढं सगळं 60 हजारांच्या आसपास बसवायचं. नाहीच बसलं तर प्रोसेसर एक पायरी खाली आण, रॅम नको.

आणि आता माझं नेहमीचं. तू हसशील, पण मी ते सोडणार नाही. ज्याचं झाकण आपल्याला उघडता येतं तेच यंत्र घ्यायचं. दुकानात पहिला प्रश्न हा विचार : रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे की स्लॉटमध्ये? एक तरी स्लॉट मोकळा आहे का? एसएसडी बदलता येते का? बॅटरी स्क्रू काढून निघते का? 2025 च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढलेत, कारण एआयची डेटा सेंटरं ती ओढून घेताहेत. म्हणूनच प्रोसेसर खाली आणूनही 16 परवडलं नाही, तर आज 8 जीबी घे, पण मोकळ्या स्लॉटसह. भाव उतरले की दुसरी पट्टी घालू. सोल्डर केलेल्या रॅमला ही सोयच नाही. घेतलीस तेवढीच कायमची.

माझ्या संगणकाच्या क्लासात मी मुलांच्या हातात माउसच्या आधी स्क्रू-ड्रायव्हर द्यायचे, ते उगाच नव्हे. संगणक चालू होत नाही म्हटलं की दादा रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसायचा, परत दाबून बसवायचा आणि पडदा उजळायचा. दहावी नापास माणूस! 2019 च्या पुरात त्यानेच कॅबिनेटं वरच्या मजल्यावर नेली, म्हणून क्लास वाचला. (तुझ्या बॅकअपची एक प्रत घराबाहेर असू दे, हे त्यावरून तरी शीक.) तू इंजिनिअर होणार आणि आतला पंखा कुठे आहे ते तुला माहीत नसणार, हे मला सोसत नाही. आपल्या देशाचंच बघ : अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला खळखळ केली तेव्हा 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली, आणि विजय भटकरांच्या चमूने 1991 मध्ये ट्रान्सप्यूटर नावाचे छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडून परम 8000 हा महासंगणक केला. हवं ते आयतं मिळालं नाही, म्हणून आहे त्यातून गरजेचं घडवलं. तुझ्या पिढीला झाकण उघडायची भीती वाटते आणि वॉरंटी जाईल म्हणून ती भीती आणखी वाढवली जाते. अगं, वॉरंटीच्या अटी वाच. रॅम घालायला परवानगी आहे का, ते आधी विचार आणि लेखी घे.

दादाच्या दुकानातल्या त्या जुन्या संगणकाच्या डब्याचंही आता बघायला हवं. त्यावर अजून विंडोज 10 आहे ना? तिची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागतं आणि इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर. तो डबा त्यात बसत नाही. त्यात एसएसडी घालून लिनक्स टाकलं तर तुझ्या सरावाला तो अजून काही वर्षं चालेल. पण दादा त्यावरच नेटबँकिंग करतो, पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर लिहून! त्याला कोणी सांगितलं का? मला वाटतं, त्याला कोणी काही सांगतच नाही आणि तोही कोणाला काही सांगत नाही. तू जे मागशील त्याला तो हो म्हणेल. स्वतःच्या तपासणीला मात्र ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणेल. कुठली दिवाळी, ते विचार.

हल्ली जिना चढताना तो मध्येच थांबतो. गोदरेजच्या कपाटाशी काहीतरी शोधतोय असं दाखवतो, पण शोधत काही नसतो. आईने बघितलंय, मला बोलली नाही. तू त्याच्याबरोबर राहतेस, तू बघ. दुकानातली पोती पोराकडून उतरवून घ्यायची. लॅपटॉप महिनाभर उशिरा आला तरी तुझं वर्ष बुडत नाही. कॉलेजची लॅब आहे, तो डबा आहे. डॉक्टरांची वेळ तू घे, त्याच्यावर सोडू नको, आणि त्याच्याबरोबर आत जा, बाहेर बसू नको. काय म्हणाले ते जसंच्या तसं मला लिही.

तुझी,
आत्या