पादुआ : पाहून शिकण्याची वाट

इटलीच्या ईशान्येला, व्हेनिसहून आगगाडीने अर्ध्या तासावर पादुआ हे शहर आहे. १२२२ मध्ये बोलोन्याच्या विद्यापीठातून बाहेर पडलेले काही अध्यापक आणि विद्यार्थी इथे आले आणि शिकणे-शिकवणे सुरू झाले. त्यामागे ना सम्राटाची सनद होती, ना पोपचे आज्ञापत्र. मोकळेपणाने शिकता यावे, एवढ्यासाठी माणसे एक गाव सोडून दुसऱ्या गावी आली आणि त्यांच्यामागून विद्यापीठ आले. आठशे वर्षांनंतरही हे विद्यापीठ गावापासून वेगळे काढता येत नाही. त्याला कुंपण नाही. त्याच्या इमारती बाजारपेठेत, चर्चच्या शेजारी, दुकानांच्या कमानींखाली मिसळून गेल्या आहेत. ते पाहायचे तर गावातूनच चालावे लागते.

गाइडबरोबरची ही फेरी साधारणपणे जुन्या विद्यापीठवाड्यापासून निघते आणि वनस्पती उद्यानापाशी संपते. सरळ चालले तर वाट जेमतेम पाव तासाची. थांबत, वर-खाली बघत गेले तर सबंध दिवस पुरत नाही. एवढ्याशा अंतरात युरोपातल्या विद्येने एक मोठे वळण घेतले. ग्रंथात लिहिले आहे म्हणून ते खरे, ही सवय इथे सुटत गेली आणि समोर ठेवून, हात लावून, निरखून पाहायचे, ही नवी सवय लागत गेली.

सुरुवातीलाच पेद्रोक्की कॅफे लागतो. ज्युझेप्पे याप्पेल्ली या वास्तुरचनाकाराने बांधलेला हा कॅफे १८३१ मध्ये उघडला आणि पुढे १९१६ पर्यंत त्याची दारे रात्रंदिवस उघडी असत. त्याच्या दालनांना पांढरा, लाल आणि हिरवा असे रंग आहेत. हिरव्या दालनात काहीही न मागवता बसण्याची मुभा असे, त्यामुळे खिसा रिकामा असलेले विद्यार्थी तिथेच वाचत बसत. ८ फेब्रुवारी १८४८ रोजी ऑस्ट्रियाच्या सत्तेविरुद्ध विद्यार्थी उठले, तेव्हा सैनिकांनी झाडलेल्या एका गोळीचे भोक पांढऱ्या दालनाच्या भिंतीत आजही जपून ठेवले आहे.

कॅफेसमोरचा वाडा म्हणजे पालाझ्झो बो. इथे पूर्वी बैलाच्या नावाची एक सराई होती. विद्यापीठ १४९३ मध्ये या जागेत आले आणि सराईचे नाव वाड्याला कायमचे चिकटले. आतला दुमजली, खांबांच्या ओवऱ्यांचा चौक सोळाव्या शतकात आंद्रेआ मोरोनी याने रचला. या चौकाच्या भिंती, कमानी, छत सगळीकडे दगडी आणि रंगीत कुलचिन्हे लावलेली आहेत. त्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास जाते. सिंह, गरुड, बुरूज, तारे, झाडे, अशी चिन्हे एकमेकांना खेटून दाटीवाटीने बसली आहेत. ही चिन्हे राजघराण्यांनी दिमाखासाठी लावलेली नाहीत. जुन्या काळी या विद्यापीठाचा कुलगुरू विद्यार्थीच आपल्यातून निवडत. जर्मन, पोलिश, इंग्लिश, हंगेरियन अशा देशवार मंडळ्या असत आणि त्यांचे प्रतिनिधी कारभार पाहत. त्या निवडलेल्या विद्यार्थ्यांची ही आठवण आहे. शिकणाऱ्याच्या हातात विद्यापीठ असण्याचा तो काळ या भिंतींवर नावागावासह उभा आहे.

वरच्या मजल्यावर मोठ्या सभागृहाच्या अलीकडे एका दालनात लाकडी फळ्यांचे एक उंच, ओबडधोबड व्यासपीठ ठेवले आहे. ना कोरीवकाम, ना सोनेरी मुलामा. गॅलिलिओ यावरून शिकवत असे, अशी परंपरा सांगते. १५९२ ते १६१० ही अठरा वर्षे तो इथे गणिताचा प्राध्यापक होता, आणि आयुष्यातली सर्वांत चांगली वर्षे हीच, असे त्याने उतारवयात लिहून ठेवले. त्याच्या घरी विद्यार्थी भाड्याने राहत आणि एक कारागीर त्याच्यासाठी मोजणीची उपकरणे घडवत असे. जानेवारी १६१० मध्ये त्याने स्वतः घडवलेल्या दुर्बिणीतून गुरू ग्रहाकडे पाहिले. ग्रहाच्या शेजारी ठिपके दिसले. दुसऱ्या रात्री ते सरकलेले होते, पुढच्या रात्रींत आणखी वेगळे. रात्रीमागून रात्री टिपून ठेवलेल्या त्या नोंदींतून गुरूभोवती फिरणारे चार चंद्र जगाला कळले. ज्या दालनात हे व्यासपीठ आहे, तिथल्या भिंतींवर पादुआत शिकून गेलेल्या चाळीस परदेशी विद्यार्थ्यांची चित्रे आहेत. त्यांतले एक चित्र विल्यम हार्वीचे. त्याची गोष्ट पुढच्या खोलीशी बांधलेली आहे.

ही पुढची खोली म्हणजे शरीरशास्त्राचे नाट्यगृह. १५९५ मध्ये, जिरोलामो फाब्रिचि या प्राध्यापकाच्या काळात ते बांधले गेले. कायमस्वरूपी बांधलेले आणि आजवर टिकलेले जगातले हे सर्वांत जुने शरीरशास्त्र नाट्यगृह. पाहुण्यांना ते खालून दाखवतात. ज्या जागी शवविच्छेदनाचे टेबल असे, तिथून मान वर केली की विहिरीच्या तळाशी उभे राहून वर पाहावे तसे दिसते: लंबगोल, एकावर एक, वर जाताना रुंदावत गेलेले सहा लाकडी सज्जे, आणि प्रत्येकाला अक्रोडाच्या लाकडाचा कातीव कठडा. सज्जे इतके अरुंद की बसायला जागाच नाही. दोनशेहून अधिक विद्यार्थी खांद्याला खांदा लावून उभे राहत. गर्दीत कुणाला भोवळ आली तरी पडायला वाव नसे, असे गाइड सांगतात. शव टिकावे म्हणून हे वर्ग थंडीच्या दिवसांत भरत आणि बंद खोलीत मशाली आणि मेणबत्त्या लागत. सगळी रचना एकाच गरजेतून आली आहे: शेवटच्या सज्ज्यातल्या शेवटच्या मुलालाही मधले टेबल दिसले पाहिजे.

हे नाट्यगृह उभे राहण्यापूर्वीच पादुआत पाहून शिकण्याची ही रीत रुजू लागली होती. त्याआधी प्राध्यापक उंच आसनावरून प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनचा ग्रंथ वाचून दाखवत आणि खाली एखादा न्हावी शव उघडत असे. ग्रंथ आणि शरीर जुळले नाही, तर चूक शरीराची धरली जाई. १५३७ मध्ये आंद्रेआस व्हेसालिअस बाविसाव्या वर्षी इथे प्राध्यापक झाला आणि आसनावरून उतरून त्याने सुरी स्वतःच्या हातात घेतली. माणसाच्या शरीररचनेवरचा त्याचा सचित्र ग्रंथ १५४३ मध्ये बाझेलला छापला गेला. पुढे फाब्रिचिने शिरांच्या आतल्या छोट्या झडपा दाखवल्या आणि १६०३ मध्ये त्यांवर पुस्तक लिहिले. पण त्या झडपा रक्ताचा वेग कमी करण्यासाठी असाव्यात, असे त्याला वाटले. त्याचा विद्यार्थी हार्वी १६०२ मध्ये पदवी घेऊन इंग्लंडला परतला. झडपा रक्ताला एकाच दिशेने, हृदयाकडे जाऊ देतात हे त्याने ओळखले, आणि रक्त शरीरात फिरत राहते हा सिद्धान्त १६२८ मध्ये मांडला. गुरूने पाहिले आणि शिष्याने त्याचा अर्थ लावला. पाहण्याला जोड विचाराची लागते, हेही याच खोलीने शिकवले. १८७२ पर्यंत इथे वर्ग भरत होते.

चौकात परत उतरताना जिन्याच्या पायथ्याशी एका स्त्रीचा पुतळा दिसतो. ती एलेना लुक्रेझिया कोर्नारो पिस्कोपिया. १६४६ मध्ये व्हेनिसला जन्मलेली एलेना लॅटिन, ग्रीक, हिब्रू यांसह अनेक भाषा जाणत होती. तिला धर्मशास्त्राची पदवी हवी होती. पादुआच्या बिशपांनी ती स्त्रीला देण्यास नकार दिला. मग तत्त्वज्ञानाची परीक्षा ठरली. २५ जून १६७८ रोजी परीक्षा ऐकायला एवढी गर्दी लोटली की ती कॅथीड्रलमध्ये घ्यावी लागली. अॅरिस्टॉटलमधल्या उताऱ्यांचे विवरण करून तिने पदवी मिळवली. तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट मिळवणारी ती जगातली पहिली स्त्री. पण उघडलेले दार लगेच बंद झाले. दुसऱ्या स्त्रीला पदवी मिळायला १७३२ साल उजाडावे लागले, आणि तीही पादुआत नव्हे, बोलोन्यात, लॉरा बास्सी हिला.

पदवीच्या दाराशी दुसरा अडसर धर्माचा होता. पदवीसाठी कॅथलिक पंथाची शपथ घ्यावी, असा १५६४ चा पोपचा आदेश होता. पादुआवर सत्ता व्हेनिसची होती आणि व्हेनिसला प्रॉटेस्टंट, ऑर्थोडॉक्स, ज्यू अशा दूरदेशीच्या विद्यार्थ्यांना दूर लोटायचे नव्हते. त्यामुळे शपथेवाचून पदवी देण्याच्या वाटा इथे काढल्या गेल्या. ज्यू मुले वैद्यकाची पदवी घेण्यासाठी युरोपभरातून इथे येत. हा मोकळेपणा पुढे कसाला लागला तो १९४३ मध्ये. उत्तर इटली जर्मन सैन्याच्या ताब्यात असताना कुलगुरू कॉन्चेत्तो मार्केसी यांनी विद्यार्थ्यांना प्रतिकाराचे आवाहन केले. त्या लढ्यासाठी युद्धानंतर विद्यापीठाला शौर्याचे सुवर्णपदक मिळाले.

वाड्याबाहेर पदवीच्या दिवसांत रस्ताच दीक्षान्त मंडप होतो. नुकतीच पदवी मिळालेली मुलगी किंवा मुलगा डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट घालून उभा असतो. मित्रांनी एका मोठ्या कागदावर त्याचे विडंबनचित्र काढलेले असते आणि त्याभोवती यमकांत त्याचे अख्खे चरित्र लिहिलेले असते. ते त्याने भर रस्त्यात मोठ्याने वाचायचे. अडखळला की पेला पुढे येतो. आजी-आजोबा बाजूला फुले घेऊन थांबलेले असतात. ये-जा करणारे अनोळखी लोकही अभिनंदन करून पुढे जातात.

तिथून दक्षिणेकडे संत अँथनीच्या बाझिलिकेकडे वाट जाते. १२३२ मध्ये बांधायला घेतलेल्या या चर्चवर घुमटांची रांग आहे आणि पटांगणात दोनातेल्लोने घडवलेला गात्तामेलाता या सेनापतीचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा आहे. बाझिलिकेमागे पाच मिनिटांवर एक लहानसा पूल ओलांडला की वनस्पती उद्यानाचे फाटक येते.

हे उद्यान वैद्यकाच्या गरजेतून जन्मले. त्या काळचे बहुतेक औषध म्हणजे मुळी, साल, बी किंवा पान. नावे ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांतली, झाडे मात्र कुणी नीट पाहिलेली नाहीत. त्यामुळे एका मुळीच्या नावावर दुसरीच मुळी विकली जाई. व्हेनिसच्या वखारींत मलबारची मिरी आणि पूर्वेकडची कितीतरी औषधे येत, त्यांतही खरे-खोटे ओळखणे अवघड होते. १५३३ पासून इथे वनौषधी शिकवणाऱ्या फ्रान्चेस्को बोनाफेदे याने आग्रह धरला की विद्यार्थ्यांना जिवंत झाड दाखवले पाहिजे. २९ जून १५४५ रोजी व्हेनिसच्या सिनेटने उद्यानाचा ठराव केला आणि बेनेडिक्टाइन मठाची जमीन त्यासाठी घेतली. हीच भूक तेव्हा दूर गोव्यातही होती. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने तिथल्या औषधी वनस्पती स्वतः पाहून, पारखून लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला.

उद्यानाची आखणी भूमितीची आहे. सुमारे ८४ मीटर व्यासाचे एक वर्तुळ, त्यात चौरस, चौरसाचे चार भाग आणि प्रत्येक भागात दगडी कडांचे लहान-लहान वाफे. एका वाफ्यात एक जात. त्यामुळे झाडाची जागा लक्षात राहिली की झाडही लक्षात राहते. औषधी झाडे मोलाची, म्हणून रात्री चोऱ्या होऊ लागल्या आणि १५५२ मध्ये सभोवार गोल भिंत घातली गेली. झाडे तोडणाऱ्याला दंड, कैद आणि हद्दपारीची ताकीद देणारा दगडी लेख अजून जागेवर आहे. १५९१ मध्ये छापलेल्या यादीत इथल्या १,१६८ जाती नोंदवल्या आहेत. इटलीत सूर्यफूल आणि बटाटा पहिल्यांदा याच मातीत लागले, असे मानतात.

भिंतीलगतच्या अष्टकोनी काचघरात १५८५ मध्ये लावलेला एक बुटक्या जातीचा पाम आहे. त्याच्याहून जुने, निर्गुडीच्या कुळातले एक झाड १५५० पासून होते; ते १९८४ मध्ये गेले, तेव्हापासून वडीलपण या पामाकडे आले. २७ सप्टेंबर १७८६ रोजी जर्मन कवी गटे इथे आला. पामची जमिनीलगतची कोवळी पाने भाल्याच्या पात्यासारखी सरळ आणि सलग होती. त्यावरच्या पानांना चिरा पडू लागल्या होत्या, आणखी वरच्या पानांचा पुरता पंखा झाला होता. पानांची ही सबंध मालिका त्याने माळ्याकडून कापून घेतली आणि पुठ्ठ्यांत घालून सोबत नेली. वनस्पतीचे सगळे अवयव एकाच मूळ रूपाचे बदलत गेलेले आकार आहेत, हा विचार त्याने १७९० मध्ये वनस्पतींच्या रूपांतरावरच्या निबंधात मांडला. त्या विचाराला या पानांनी बळ दिले. पामाला आता गटेचेच नाव आहे.

जवळच १७५० चा जिंकगो आहे. हे झाड नर. एकोणिसाव्या शतकात शिकवण्याच्या सोयीसाठी त्यावर मादी झाडाची फांदी कलम केली गेली, त्यामुळे दोन्ही लिंगे एकाच खोडावर दाखवता येतात. १७८६ चा मॅग्नोलिया आहे. भिंतीबाहेरच्या वृक्षराजीत १६८० चा, खोड पोकळ झालेला आणि तरीही पालवणारा चिनार आहे.

२०१४ मध्ये जुन्या उद्यानाला लागून जैवविविधतेची नवी काचघरे उघडली. उष्ण कटिबंधातल्या जंगलापासून वाळवंटापर्यंतची हवामाने तिथे ओळीने अनुभवता येतात. कोणत्या हवेत कोणते झाड का जगते, हे चालता चालता उमगत जाते. मूळ जागी टिकून राहिलेले जगातले सर्वांत जुने विद्यापीठ-उद्यान म्हणून १९९७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत याची नोंद केली. पण त्याचे खरे मोल वयात नाही. शरीरशास्त्राचे नाट्यगृह आता पाहण्याची वस्तू झाले आहे, गॅलिलिओच्या व्यासपीठावर कुणी चढत नाही; उद्यान मात्र कामात आहे. विद्यार्थी वाफ्यांपाशी येऊन झाडे ओळखतात, बी गोळा होते आणि दुसऱ्या उद्यानांकडे पाठवले जाते, संशोधन चालते. झाड दाखवून शिकवावे हा बोनाफेदेचा आग्रह इथे पावणेपाचशे वर्षांनंतरही पाळला जातो.