गेल : जेथे पाहुणा जन्मभर राहतो

बेल्जियमच्या उत्तरेस असलेल्या अँटवर्प शहरातून पूर्वेकडे जाणाऱ्या आगगाडीत बसले की थोड्याच वेळात बंदरावरील याऱ्या आणि धुराडी मागे पडतात व सपाट, रेताड मुलूख सुरू होतो. या प्रदेशाला केम्पेन म्हणतात. एके काळी येथे खुरटी झुडपे आणि राय नावाचे हलके धान्य यांखेरीज फारसे काही पिकत नसे. माणसे कष्टाळू, पण हाती पैसा बेताचाच. या मुलखातील गेल हे गाव आज चाळीस हजारांहून अधिक वस्तीचे आहे. गावाच्या नावातील 'ग' घशातून खरवडून काढावा लागतो व तो आपल्या 'ख'च्या जवळपास जातो. त्यामुळे तिकीट मागताना 'खेल' म्हटले तरी गाडी योग्य ठिकाणीच पोचवील!

स्थानकाबाहेर पडल्यावर प्रवाशाची थोडी निराशाच होते. मोठा चौक, चौकात सेंट अमांडचे चर्च, नगरभवन, दाराशी खुर्च्या मांडलेली उपाहारगृहे आणि सायकलींची ये-जा. फ्लांडर्समधील कोणत्याही गावात एवढे असतेच. ज्या गोष्टीसाठी जगभरचे वैद्य दोनशे वर्षे येथे येत आहेत, ती दाखवायला वाटाड्या नसतो. उपाहारगृहातील कोपऱ्यात रोज त्याच वेळी, त्याच खुर्चीवर येऊन बसणारा आणि स्वतःशीच काही पुटपुटणारा गृहस्थ कोण, असे येथे कोणी विचारीत नाही. मनाने आजारी असलेल्या किंवा ज्यांच्या बुद्धीची वाढ अपुरी राहिली आहे अशा परक्या माणसांना या गावातील कुटुंबे सातशे वर्षांपासून आपल्या घरी ठेवून घेत आली आहेत.

याचा उगम एका दंतकथेत आहे. आयर्लंडमधील एका राजाची राणी वारली. दुःखाने बुद्धी भ्रंश पावलेल्या त्या राजाने, राणीसारखीच दिसते म्हणून, आपल्याच मुलीशी विवाह करण्याचा हट्ट धरला. ही मुलगी, डिम्फ्ना, आपल्या वृद्ध धर्मगुरूसह समुद्र ओलांडून गेलला आली. राजाने तिचा माग काढला आणि येथेच तिचा शिरच्छेद केला. वेडाला बळी पडलेली ही कन्या पुढे वेडाने पीडलेल्यांची संरक्षक संत ठरली. कथेत इतिहास किती, हे सांगणे कठीण आहे. तेराव्या शतकात ती लिहून काढली गेली आणि चौदाव्या शतकात तिच्या नावाच्या भव्य चर्चचे बांधकाम सुरू झाले, एवढे निश्चित.

दूरदूरचे लोक आपल्या घरातील पीडितांना घेऊन या चर्चमध्ये येऊ लागले. नऊ दिवसांचे अनुष्ठान असे. चर्चला लागून बांधलेल्या एका खोलीत रुग्णाने राहावयाचे, आणि संतीच्या समाधीखालून रांगत जावयाचे. गाणगापूरला दत्ताच्या दारी अशी माणसे घेऊन आलेली कुटुंबे ज्याने पाहिली आहेत, त्याला हे चित्र परके वाटणार नाही. नऊ दिवसांनी गुण आला नाही तर पुन्हा नऊ दिवस. खोली भरली की पुजाऱ्यांनी शेजारपाजारच्या घरी सोय लावावी. काही नातेवाईक आपल्या माणसाला तेथेच ठेवून परत गेले. काही पुन्हा कधी आलेच नाहीत. अशा रीतीने देवळाचे यात्रेकरू शेतकऱ्यांच्या चुलीपाशी कायमचे बसले.

गावकरी या लोकांना रोगी म्हणत नाहीत. त्यांचा शब्द आहे 'कोस्टगँगर', म्हणजे ज्याचे जेवण ठरलेल्या घरी असते तो. पुण्यात पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असत, हे आपल्या वाचकांस ठाऊक असेलच. ज्या घरी त्याचा वार, त्या घरी त्या दिवशी त्याचे ताट मांडलेले असे, आणि त्यात उपकाराची भाषा कमी असे. गेलमधील कोस्टगँगराचे सातही वार एकाच घरी, एवढाच फरक.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच क्रांतिकारकांच्या सत्तेने चर्च बंद केले. तीर्थक्षेत्र थांबले की यात्रेकरूही जातील, असे कोणालाही वाटले असते. माणसे राहिली! उलट १८०३ साली ब्रुसेल्सच्या फ्रेंच प्रशासकाने शहरातील कोंदट रुग्णालयातले वेडे येथील शेतकऱ्यांकडे पाठवले. १८२१ मध्ये पॅरिसचे विख्यात मनोवैद्य एस्किरोल गेल पाहावयास आले. मोकळेपणी फिरणारे रुग्ण पाहून ते चकित झाले, आणि काहींच्या पायांत बेड्याही त्यांनी पाहिल्या. ही गोष्ट गेलची स्तुती करणारे बहुधा गाळतात, पण मला ती फार महत्त्वाची वाटते. शेतकऱ्याच्या चांगुलपणाने घर दिले खरे, परंतु त्याची भीती आणि त्याची सोय यांनी बेडीही घातली. १८५० च्या कायद्यानंतर बेल्जियम सरकारने व्यवस्था आपल्या हाती घेतली. कोणत्या घरी कोणाला ठेवावे याची पाहणी सुरू झाली, निरीक्षक आणि वैद्य नेमले गेले, आणि १८६२ मध्ये रुग्णालय उभे राहिले. बेड्या मागे पडल्या त्या या देखरेखीमुळे. चित्रकार व्हिन्सेंट व्हान गॉग याला येथे ठेवण्याचा विचार त्याच्या वडिलांनी १८८० साली केला होता. तो काही आला नाही. १९३८ मध्ये गेलमधील घरांतून राहणाऱ्या अशा पाहुण्यांची संख्या ३,७०० च्या वर गेली होती.

ही माणसे कोण होती? आपण 'वेडा' या एकाच शब्दात अनेक अवस्था कोंबतो. मानसिक आजार ही एक गोष्ट आहे. तो येतो, ओसरतो, औषधाने आटोक्यात राहतो. बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता ही निराळी गोष्ट. ती जन्मापासूनची, मेंदूच्या विकासातील वेगळेपणाची अवस्था असून, तिच्यासाठी 'बरे होणे' हा शब्दच चुकीचा आहे. गेलमधील पाहुण्यांपैकी अलीकडच्या काळात जवळजवळ निम्मे बौद्धिक अक्षमता असलेले होते. स्वमग्नतेचे आजच्या अर्थाने पहिले सविस्तर वर्णन अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ साली केले. त्याआधीच्या कोस्टगँगरांत, नाव नसलेली अशी माणसे असणारच. म्हणून ज्या घरात असे मूल आहे, त्या घराला गेलकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

१९७० च्या दशकात एलन बॅक्स्टर नावाची अमेरिकन तरुणी येथे अभ्यासासाठी आली होती; पुढे तिने न्यूयॉर्कमध्ये बेघरांसाठी घरे उभारण्याचे मोठे काम केले. तिने सांगितलेली एक हकीकत आहे. एका घरातील पाहुणा दररोज आपल्या सदऱ्याची सर्व बटणे पिळून पिळून तोडीत असे, आणि घरची बाई दररोज रात्री ती पुन्हा शिवीत असे. हे वर्षानुवर्षे चालले होते. तुम्ही मासेमारीचा नायलॉनचा दोरा का वापरत नाही, म्हणजे बटणे तुटणार नाहीत, असे बॅक्स्टरने सुचवले. बाईला तो सल्ला मुळीच पटला नाही. या माणसाला बटणे पिळण्याची गरज आहे, दररोज पिळणे त्याच्या हिताचेच आहे, असे तिने सांगितले.

आपल्याकडील आईबापांनी या हकीकतीपाशी थोडे थांबावे. मूल हात फडफडवते, झाकण गरागरा फिरवीत बसते, एकच वाक्य शंभरदा म्हणते, तेव्हा पाहुण्यांदेखत आपण ओशाळतो व त्याचे हात धरून ठेवतो. आजचे तज्ज्ञ सांगतात की अशा हालचालींनी बहुधा मूल गोंगाट, प्रकाश, गर्दी यांनी विस्कटलेले आपले मन सावरीत असते. त्यातून इजा होत नसेल तर ती बंद पाडण्याची घाई करू नये. त्या शेतकरी बाईने कोणतेही पाठ्यपुस्तक उघडले नव्हते. सुईदोरा मात्र रोज उघडला होता.

गेलमधील उपचार, त्याला उपचार म्हणावयाचे तर, असा होता : मेजाशी ठरलेली जागा, ठरलेली वेळ, आणि जमेल ते खरे काम. गाईंना चारा, बटाटे निवडणे, लहान मुलाला खेळवणे. घरच्या लोकांना बहुधा रोगाचे नावही सांगत नसत. जगाचा क्रम कळेनासा झालेल्या माणसाला दिवसाचा क्रम मिळे.

हेच तत्त्व शास्त्राच्या वाटेने पुढे अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्यात आले. १९६० च्या दशकात तेथे मोठमोठे विद्वान स्वमग्नतेचा दोष आईच्या 'थंड' स्वभावावर टाकीत असत. चीड यावी असाच हा आरोप होता, आणि त्याखाली किती माउल्या चिरडल्या गेल्या असतील! लहानपणी नाझी जर्मनीतून कुटुंबासह निसटून आलेले एरिक शॉपलर यांनी तो फेटाळला. आईबाप हे रोगाचे कारण नसून उपचारातील सहकारी आहेत, असे मांडून त्यांनी चॅपेल हिल येथे काम उभे केले. १९७२ मध्ये राज्याने ते सर्वत्र लागू केले. तेथील पद्धतीत दिवसाचा कार्यक्रम चित्रांनी भिंतीवर मांडतात. करावयाचे काम डाव्या टोपलीत, संपलेले उजव्या टोपलीत. किती करायचे, कधी संपणार, पुढे काय, हे शब्दांवाचून कळते. यासाठी महाग साधने लागत नाहीत. जुन्या मासिकांतील चित्रे आणि दोन टोपल्या पुरतात. दिल्लीत एका मातेच्या पुढाकाराने १९९१ साली सुरू झालेली 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था आईबापांनाच प्रशिक्षण देते, तेही याच कारणासाठी. वाचा-उपचार, हातापायांच्या कौशल्यांचे उपचार, विशेष शिक्षण हे सर्व हवेच. पण तज्ज्ञापाशी तास-दोन तास जातात आणि उरलेला दिवस घराचा असतो.

आता दुसरी बाजू. गेलचे शेतकरी संत नव्हते. पाहुण्यामागे पैसे मिळत आणि शेतावर दोन हात मिळत. शेती आटली, स्त्रिया नोकरीला जाऊ लागल्या, नवी औषधे व इतर सोयी आल्या, तशी संख्या उतरली. २००३ मध्ये ती पाचशेच्या थोडी वर होती आणि पुढे आणखी घटली. युनेस्कोने २०२३ साली या परंपरेचा गौरव केला, पण गौरवाने नवी घरे मिळत नाहीत.

आणि देवस्थान असले की गेल आपोआप घडते, असेही कोणी समजू नये. तामिळनाडूतील एरवाडीचा दर्गा असाच पीडितांचे आश्रयस्थान. त्याच्या आसपास खाजगी आश्रम निघाले. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यांपैकी एकाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेली माणसे पळू शकली नाहीत. २८ जण गेले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीने बांधण्यास मनाई केली. गेलमध्ये घर होते आणि त्या घरावर नजर होती. एरवाडीत माणूस कुलपाआड गेला व कोणी विचारावयास आले नाही.

प्रत्येक घरातील आईबापांना रात्री जागे ठेवणारा प्रश्न एकच : आमच्या पश्चात याचे काय? गेलमध्ये पन्नास वर्षांहून अधिक काळ एकाच घरी राहिलेले पाहुणे आहेत. घरधनी वृद्ध झाला की मुलगा किंवा मुलगी त्यांना आपल्याकडे नेते. शेत आणि भांडी यांच्याबरोबर माणूसही वारशाने येतो. आपल्या देशात स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. मूल अठरा वर्षांचे झाले की कायदेशीर पालकासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा असून त्यात उपचारांचा खर्चही येतो. प्रौढांच्या निवासासाठी 'घरौंदा' ही योजना आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेचा समावेश एकवीस प्रकारांत केला, त्यामुळे प्रमाणपत्रही मिळते. हे कागद आईबाप धडधाकट असतानाच करावेत. आणि भावाबहिणींना, चुलतमावस भावंडांना या माणसाची ओळख लहानपणापासून असू द्यावी : तो कोणत्या ताटात जेवतो, कोणता आवाज त्याला सहन होत नाही, झोपण्यापूर्वी त्याला काय लागते. गेलमधील मुलांना घरातील कोस्टगँगराविषयी एवढे न शिकवता ठाऊक असते, कारण ती जन्मली तेव्हा तो घरात होताच.