साखळीने आखलेले गाव

मी आपल्या शाळेचा जुना विद्यार्थी. पुढे पस्तीस वर्षे जमीन मोजणीच्या खात्यात नोकरी केली. सुरुवातीची बरीच वर्षे साखळी, क्रॉस स्टाफ आणि टिपणवही घेऊन बांधाबांधाने फिरण्यात गेली. त्यामुळे परगावी गेलो की इतर माणसे दुकाने पाहतात आणि मी रस्ता सरळ आहे की वाकडा ते पाहतो. माझी मुलगी कॅनडातल्या ब्रॅम्प्टन शहरात राहते. तिच्याकडे दोनदा जाऊन आलो. कॅनडाहून आलेला प्रत्येक जण नायगाऱ्यावर लिहितो, म्हणून मी तिथल्या जमिनीवर लिहायचे ठरवले.

ब्रॅम्प्टनचे मोठे रस्ते पट्टी ठेवून ओढल्यासारखे सरळ आहेत. आपल्याकडे शेतरस्ता बांध पाहून वळतो आणि बांध ओढा पाहून वळतो. तिथे तसे काही नाही. स्टील्स ॲव्हेन्यूपासून क्वीन स्ट्रीट सुमारे तीन किलोमीटर आणि क्वीन स्ट्रीटपासून बोवेर्ड ड्राइव्हही सुमारे तीन किलोमीटर. आडव्या दिशेने डिक्सी, ब्रामली, टॉरब्रॅम या रस्त्यांमधले अंतर प्रत्येक वेळी साधारण १३५० मीटर. जावयाच्या गाडीतला आकडा बघून मी हे टिपत होतो. मोजणीवाल्याला एवढे पुरे होते. हे अंतर मीटरात बसत नसले तरी साखळीत बरोबर बसते.

विद्यार्थी मित्रांनो, गुंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञाने सतराव्या शतकात जमीन मोजायची जी साखळी तयार केली ती ६६ फुटांची होती. तुमच्या क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबी २२ यार्ड, म्हणजे नेमकी एक साखळी. दहा चौरस साखळ्यांचा एक एकर होतो. आता हे गणित करून पाहा. ब्रॅम्प्टनच्या जागी पूर्वी चिंगाकूझी नावाची शेतीची टाउनशिप होती. तिथला एक भूखंड ३० साखळ्या रुंद आणि ६६ पूर्णांक दोन तृतीयांश साखळ्या लांब. गुणाकार २००० चौरस साखळ्या, म्हणजे २०० एकर. असे पाच भूखंड झाले की एक आडवा रस्ता, म्हणून ते तीन किलोमीटर. रस्त्यासाठी सोडलेली रुंदीसुद्धा एक साखळी, म्हणजे एक खेळपट्टी.

आपल्याकडेही इंग्रजांनी साखळीच आणली, पण ती निम्मी, ३३ फुटांची. तिचे सोळा आणे पाडलेले असत. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात ही नवी पद्धत सुरू केली. पुढे बडोद्यातही सयाजीराव महाराजांच्या काळात, १८८० च्या दशकात, जमिनीची नव्याने मोजणी झाली. पण दोन्ही ठिकाणी मोजणीदार आला तेव्हा शेत होते, बांध होता आणि औत धरलेला माणूस समोर उभा होता. असलेले शेत कागदावर उतरवायचे एवढेच त्याचे काम. चिंगाकूझीत रेघ आधी आली आणि शेतकरी मागाहून.

ती रेघ १८१९ च्या सुमारास आखली गेली. सगळीकडे दाट जंगल, मेपल, बीच, हेमलॉक आणि पाइन. रिचर्ड ब्रिस्टल हा मोजणीदार होकायंत्र, साखळी ओढणारे गडी आणि कुऱ्हाडवाले घेऊन आत शिरला. मधोमध ह्युरॉन्टारियो नावाची पायारेघ. तिच्या पूर्वेला आणि पश्चिमेला समांतर पट्टे. रेघेवरच्या झाडांची साल कुऱ्हाडीने सोलून खूण करायची आणि भूखंडाच्या कोपऱ्यावर लाकडी खुंट ठोकायचा. कोणत्या भूखंडात कोणती झाडे, कुठे दलदल, कुठे ओढा, हे वहीत लिहायचे, कारण झाडावरून मातीचा अंदाज येतो. लाकडी खुंट काही वर्षांत कुजतात आणि मग भांडणे होतात, हे मी नोकरीत भरपूर पाहिले आहे. तिथेही तेच होत असे. म्हणून दगडी खुणा बसवण्यासाठी त्या प्रांतात १७९८ मध्ये कायदा झाला. हद्दीचा दगड जाणूनबुजून हलवणाऱ्याला त्या कायद्यात देहदंड होता! आपल्याकडे दगड हलवणाऱ्याला मी फारतर दंड झालेला पाहिला.

मग जमीन वाटली कशी? अमेरिकेने इंग्लंडशी लढून स्वातंत्र्य मिळवले तेव्हा राजाच्या बाजूने राहिलेली कुटुंबे उत्तरेला कॅनडात पळून आली. १७८३ च्या आदेशाप्रमाणे अशा कुटुंबप्रमुखाला १०० एकर आणि घरातल्या प्रत्येक माणसामागे ५० एकर मिळत. पुढे या राजनिष्ठांच्या मुलांना, आणि मुलींनासुद्धा, प्रत्येकी २०० एकरांचा हक्क मिळाला. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडहून आलेल्यांनाही जमीन मिळे, पण अटी असत. शंभर एकरांमागे पाच एकर साफ करून कुंपण घालायचे, १६ फूट बाय २० फुटांचे घर बांधायचे आणि समोरच्या रस्त्याची आपल्या बाजूची अर्धी रुंदी झाडे तोडून मोकळी करायची. मुदतीत हे झाले आणि फी भरली तरच पक्का दस्त हाती पडे. पहिल्या वर्षी बुंध्यांच्या मधल्या जागेत पेरायचे. तोडलेली झाडे जाळून राख करायची आणि त्या राखेपासूनचा पोटॅश विकायचा. पुष्कळांच्या हाती आलेले पहिले रोख पैसे ते.

पण सगळेच असे घाम गाळणारे नव्हते. १७९१ च्या कायद्यापासून टाउनशिपमधला सुमारे सातवा हिस्सा चर्चसाठी आणि तेवढाच सरकारसाठी राखून ठेवत. हे राखीव भूखंड बुद्धिबळाच्या पटासारखे मध्ये मध्ये विखुरलेले असत. तिथे कोणी राहत नसे, त्यामुळे समोरचा रस्ताही कोणी साफ करत नसे आणि शेजारच्या शेतकऱ्याचे धान्य गिरणीपर्यंत जाताना अडत असे. वशिल्याच्या माणसांनी जमिनी घेऊन तशाच पडू दिल्या त्या वेगळ्या. लॉर्ड डरहॅमने १८३९ च्या अहवालात लिहिले की त्या प्रांतात मोजलेल्या सुमारे १ कोटी ७० लाख एकरांपैकी वाटायला १६ लाख एकरही शिल्लक नाहीत, आणि वाटलेल्या जमिनीच्या दहाव्या हिश्श्यावरही बहुधा वस्ती झालेली नाही. ईरी सरोवराच्या काठी टॅल्बट नावाचा कर्नल होता. तो अर्जदाराचे नाव नकाशावर शिसपेन्सिलीने लिही आणि माणूस पसंत पडला नाही तर रबराने पुसून टाकी. माझ्या खात्यात शाईशिवाय लिहिण्याची मनाई होती. ती का असावी, हे हे वाचल्यावर चांगले कळले.

आता मुख्य प्रश्न. सरकार जी जमीन वाटत होते ती सरकारकडे आली कुठून?

मोजणीच्या आदल्या वर्षी, २८ ऑक्टोबर १८१८ रोजी, मिसिसागा जमातीचा प्रमुख अजेटन्स याच्याशी सरकारने करार केला. ६,४८,००० एकर जमीन सरकारकडे आली. मोबदला म्हणून दर वर्षी ५२२ पौंड १० शिलिंग किमतीचा माल. त्या वेळी एका पौंडाच्या २४० पेन्या होत. हिशेब केला तर एकराला वर्षाकाठी पेनीचा पाचवा हिस्साही पडत नाही. शिकार, मासेमारी आणि मेपलचा रस यांवर जगणाऱ्या या लोकांकडे, रोगराईने संख्या घटलेली आणि भोवती वस्त्या वाढलेल्या असताना, सौदा करण्याचे बळ फारसे नव्हते. १८२० मध्ये आणखी करार झाले. क्रेडिट नदीच्या काठची त्यांची राखीव जमीनही गेली आणि गावासाठी २०० एकर उरले. राजनिष्ठाच्या एका मुलाचा हक्क जेवढा, तेवढी जमीन एका अख्ख्या जमातीच्या गावाला.

या गोष्टीत पीटर जोन्स नावाचा एक माणूस आहे. १८०२ साली तो जन्मला. आई मिसिसागा, प्रमुखाची मुलगी. वडील ऑगस्टस जोन्स सरकारी मोजणीदार. टोरांटोची प्रसिद्ध यंग स्ट्रीट त्यांनीच आखली. मुलगा आईच्या माणसांत वाढला, पुढे ख्रिस्ती धर्मोपदेशक झाला आणि जमातीचा एक प्रमुखही झाला. १८२६ पासून क्रेडिटच्या काठी या लोकांनी घरे, शाळा आणि शेती उभी केली. आपण घातलेले घरकूल उद्या कोणी हिसकावू नये म्हणून त्यांना जमिनीचा पक्का दस्त हवा होता. १८३८ मध्ये पीटर जोन्स इंग्लंडला जाऊन व्हिक्टोरिया राणीला भेटला आणि दस्तासाठीचा अर्ज त्याने तिच्या हाती दिला. दस्त मिळाला नाही. १८४७ मध्ये गाव उठले आणि हेगर्सव्हिलजवळ, दुसऱ्या एका मूळनिवासी संघाने देऊ केलेल्या जमिनीवर गेले. आजही ते लोक तिथे आहेत. टोरांटोच्या १८०५ च्या खरेदीचा आणि आणखी एका तुकड्याचा दावा २०१० मध्ये मिटला, तेव्हा कॅनडा सरकारने त्यांना साडेचौदा कोटी डॉलर दिले.

मोजणीदाराच्या मुलाला आपल्या माणसांच्या जमिनीचा कागद मिळू नये, ही गोष्ट मला फार लागली. मी स्वतः आयुष्यभर असे कागद तयार करत आलो.

आणि मग आमच्या घरातला कागद आठवला. आपल्यापैकी पुष्कळांसारखेच आमचे पूर्वज गायकवाडांच्या लष्करात शिलेदार म्हणून गुजरातेत आले. डभोईकडच्या एका गावात त्यांना इनाम मिळाले. मोडी लिपीतली ती सनद घरच्या पेटीत आहे. किती विघे, पूर्वेला ओढा, पश्चिमेला देऊळ, वंशपरंपरेने चालवावे, सगळे लिहिले आहे. ती जमीन तेव्हा कोण कसत होता, हे लिहिलेले नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याचा कूळकायदा लागू झाला, १ एप्रिल १९५७ पासून कसणारी कुळे मालक ठरली आणि आमची जमीन गेली. आजोबा अखेरपर्यंत म्हणत, "आपली जमीन कायद्याने खाल्ली." आमच्या घरात ते दुःख अजून बोलले जाते. मागच्या दिवाळीतही त्यावरून भाऊबंदांत वाद झाला.

पुढे नोकरीत असताना एकदा मोजणीसाठी त्याच गावात गेलो होतो. एक म्हातारे खेडूत प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला सातबाराचा उतारा घेऊन आले. माझे आडनाव त्यांनी ओळखले. चहा पाजला आणि हसून म्हणाले, "साहेब, कागळ तमारो हतो, खेड अमारी हती." कागद तुमचा होता, कसणूक आमची होती. मी तेव्हा नुसता हसलो. क्रेडिट नदीच्या काठी उभा राहिलो तेव्हा त्या वाक्याचे वजन कळले. आपल्या इनामात वसूल इनामदाराकडे गेला, पण कसणारा जागेवर राहिला, म्हणून पुढे कायदा त्याचे नाव लिहू शकला. चिंगाकूझीत रेघ आखली गेली तेव्हा आधीचा माणूस कूळ म्हणूनही शिल्लक ठेवला नाही. आजोबांचे दुःख खोटे नव्हते. पण त्या उताऱ्यावर ज्याचे नाव लागले त्याच्या चार पिढ्या सनदेत नव्हत्या, हेही तितकेच खरे. आता भाऊबंदांत विषय निघाला की मी हे सांगतो. सगळ्यांना पटते असे नाही.

माझ्या नातवाच्या शाळेत ही जमीन पूर्वी मिसिसागांची होती, हे जाहीरपणे वाचून दाखवतात. दोन ओळीच असतात. त्याने जमीन परत मिळत नाही, पण मुलाला निदान विचारावेसे वाटते. नातवाने मला विचारले, "आजोबा, मग ते लोक गेले कुठे?" त्या प्रश्नामुळेच मी हे सगळे वाचत बसलो.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, या सुट्टीत घरी तीन प्रश्न विचारा. आपण इथे कधी आणि कशासाठी आलो? त्याचा काही कागद घरात आहे का? आणि त्या कागदात ज्याचे नाव नाही असा कोण होता? जे कळेल ते एका पानावर लिहून वार्तापत्राकडे द्या. पालकांनी जुन्या पेट्या उघडायला मदत करावी. मोडी वाचून द्यायला मी शनिवारी दुपारी शाळेत येऊन बसायला तयार आहे. विश्वस्तांना एक विनंती, शाळेच्या जागेचा मूळ कागद आणि नकाशाही एकदा मुलांना दाखवावा. साखळी मी आणीन. मैदानावर एक गुंठा आखून दाखवायला अर्धा तास पुरे.