दोघांचें पहिलें बिऱ्हाड

लग्नाला तीन वर्षें झालीं होतीं, तरी आम्हां दोघांचें असें बिऱ्हाड आम्हीं कधीं थाटलें नव्हतें. पुनावळ्यास आमचें सात माणसांचें एकत्र कुटुंब. दारावर पाटी मामंजींच्या नांवाची. भाजी कोणती करावयाची, तें सासूबाईंच्या विचारानें. यांत जाच मुळींच नव्हता. मात्र कांहीं ठरविण्याची पाळी आमच्यावर क्वचितच येई.

२०१८ च्या जून महिन्यांत कामानिमित्त ह्यांना वर्षभरासाठीं जर्मनींतील वोल्फ्सबुर्ग येथें जावें लागलें. चाकणला २००९ सालीं ज्या फोक्सवॅगन कंपनीचा कारखाना सुरू झाला, तिचें हें मुख्य ठाणें. १९३८ सालीं कारखान्यासाठींच वसविलेलें गांव. मीही शाळेंतील नोकरी सोडून बरोबर निघालें.

आम्ही पोंचलों शनिवारीं रात्रीं. दुसरे दिवशीं पाहतों तों बाजार बंद! रविवारची ही विश्रांति तेथें १९१९ च्या राज्यघटनेंत नमूद झाली व १९४९ च्या घटनेंतही कायम राहिली. पिशवींत आंबेमोहोर आणि मेतकूट होतें. दुधातुपाचे पदार्थ युरोपांत नेण्यास बंदी, म्हणून तूप घरींच राहिलेलें. तो कोरडा भात एकाच पातेल्यांतून खातांना आम्हांला हसूं आवरेना. रात्रीं साडेनऊपर्यंत उजेड होता. कालव्याच्या कांठीं बसून पलीकडचीं कारखान्याचीं चार धुरांडीं पाहत असतां मीं ह्यांना प्रथमच नांवानें हाक मारली. घरीं वडीलधाऱ्यांसमोर ‘अहो’वांचून दुसरा शब्द तोंडीं आला नव्हता.

पुढें नगरकचेरींत पत्ता नोंदविला. टपालपेटीवर नांव नसेल, तर तेथें पत्र पोंचत नाहीं. म्हणून दोघांचीं नांवें लिहून चिकटविलीं. एवढ्याशा कागदाकडे मी कितीदां पाहिलें असेल!

पण पंधरवडा लोटला आणि आमचें कडाक्याचें भांडण झालें. हे दिवसभर कामावर. मी चार भिंतींत, भाषेवांचून मुकी. घरीं असतों तर कोणीतरी मध्यें पडलें असतें. मीं सासूबाईंना फोन केला. त्यांनीं सारें ऐकून घेतलें व म्हणाल्या, “मी मध्ये पडले तर भांडण मिटेल गं, पण तुमचा संसार उभा राहायचा नाही. दोघं बसा नि बोला. आता फोन रविवारीच करायचा.”

त्या रात्रीं आनंदीबाई जोशांची आठवण झाली. १८८३ सालीं त्या एकट्याच समुद्रापार गेल्या. गोपाळराव मागें राहिले, आणि सुखदुःखाच्या गोष्टी पत्रांतूनच व्हावयाच्या. आम्हांला तर समोरासमोर बसतां येत होतें. बोलतां बोलतां मध्यरात्र झाली. सायंकाळीं मीं जर्मन शिकावयास जावें व त्या दिवशींचा स्वयंपाक ह्यांनीं करावा, असें ठरलें. दोघांनींच ठरविलेली ती आमची पहिली गोष्ट!

परत आल्यावर मामंजींकडून कळलें कीं, तो आठवडाभर सासूबाई फोन उशाशीं घेऊन निजत होत्या. पण त्यांनीं आपण होऊन तो एकदांही केला नाहीं.

ज्या घरांतील मुलें-सुना आज परदेशीं निघालीं आहेत, तेथील वडील मंडळींना माझें एवढेंच सांगणें आहे. लोणचीं-पापड द्यावे, आशीर्वाद द्यावा, आणि त्याबरोबर थोडें मौनही द्यावें. नव्या बिऱ्हाडाचा त्या दोघांचा आनंद म्हणजे घराचा विसर नव्हे. आमच्या दारावर आजही मामंजींचीच पाटी आहे. तिच्याखालून आंत शिरतांना आम्ही दोघें आतां अधिक समजुतीनें शिरतों.