उरलेले एकोणीस व्होल्ट

७८०५ या तीन पायांच्या रेग्युलेटरवर माझा जीव आहे. दोन कपॅसिटर लावले की ५ व्होल्ट हजर. ना कॉइल, ना कटकट. पण २४ व्होल्टच्या बॅटरीवर त्याच्याकडे अर्धा अँपिअर मागितला की हिशेब बोचतो. वरचे १९ व्होल्ट तो जिरवतो, म्हणजे साडेनऊ वॅट नुसती उष्णता. कामाला येतात अडीच वॅट. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला, दुसरं काय! हीटसिंक नसेल तर पाठीच्या पत्र्यावर बोट टेकवत नाही, आणि थोड्याच वेळात आतलं संरक्षण जागं होऊन पुरवठा आखडतो.

आधी ७८१२, मग ७८०५ अशी उतरंड लावली तर सहा वॅट एकाकडे, साडेतीन दुसऱ्याकडे. बेरीज तीच.

बक कन्व्हर्टर हा खरा उपाय, मान्य. पण सेन्सरचे मिलिव्होल्ट मोजताना त्याचा रिपल मला नको असतो. म्हणून आज बकने साडेसातपर्यंत खाली आणतोय आणि शेवटचे अडीच व्होल्ट ७८०५वर सोपवतोय. तिथे सव्वा वॅटच जळेल. ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा पुरे. ई-रिक्षाच्या ४८ व्होल्टवर मात्र हा गडी थेट जोडायचाच नाही. त्याची झेपच ३५ व्होल्टची.