तंबूच्या माथ्यावरून पूर्वेकडे

भारतातून पाहुणे आले की लंडन दाखवायचं वेळापत्रक ठरलेलं असतं. बिग बेन, राणीचा राजवाडा (राणी गेली तरी आपल्या लोकांसाठी तो राणीचाच), टॉवर ब्रिज, लंडन आय. सगळं शहराच्या मध्यात, नाहीतर त्याच्या पश्चिमेला. आम्ही राहतो पूर्वेला, इलफर्डच्या बाजूला, आणि पाहुण्यांच्या फोटोंत आमचं लंडन कधी येतच नाही. म्हणून ज्यांचे गुडघे शाबूत आहेत अशांना मी हल्ली ग्रिनिचच्या डोमवर चढवते. डोमच्या आत गाण्याचे कार्यक्रम होतात, पण मी म्हणतेय ते त्याच्या छपरावर, बाहेरून.

हा डोम म्हणजे एकेकाळची सरकारी फजिती. २००० सालाच्या स्वागतासाठी वास्तुविशारद रिचर्ड रॉजर्स यांच्या कचेरीकडून तो करून घेतला. जागा जुन्या गॅस कारखान्याची, विषारी झालेली माती आधी साफ करावी लागली. बांधणी तंबूची आहे. शंभर मीटर उंचीचे बारा पिवळे खांब, त्यांना पोलादी तारांनी ताणून धरलेलं टेफ्लॉनचा लेप दिलेलं काचतंतूंचं कापड, व्यास ३६५ मीटर, मधोमध उंची ५२ मीटर. महिने, दिवस, आठवडे, सगळं वर्ष कुणीतरी हौसेनं या मापांत बसवलंय. वर्षभराच्या प्रदर्शनाला एक कोटी वीस लाख माणसं येतील असा अंदाज होता, आली जेमतेम पासष्ट लाख. मग वर्तमानपत्रांनी यथेच्छ टिंगल केली आणि पुढची कित्येक वर्षं हे धूड जवळजवळ रिकामंच पडून होतं. २००७ मध्ये आत ओटू अरीना सुरू झालं तेव्हा कुठे त्याला बरे दिवस आले. छपरावरची चढाई आली २०१२ मध्ये, ऑलिंपिकच्या उन्हाळ्यात.

गेल्या मे महिन्यात साताऱ्याची आत्या आली होती. वय सत्तरीला टेकलेलं, पण रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर जाऊन येणारी बाई. सुरुवातीच्या तालमीतच ती वैतागली. आधी सूचना ऐका, फॉर्मवर सही करा, त्यांनी दिलेले बूट घाला, मग कमरेला नि मांड्यांना पट्टे. गाइड पोरगी प्रत्येकाचा पट्टा ओढून पाहत होती. "अगं, गडावर काय बांधून घेतो का आपण?" आत्या मला म्हणाली. त्या पोरीला मराठी कळत नव्हतं हे बरंच झालं.

छपरापासून दोनेक मीटर वर एक अरुंद पायवाट टांगलेली आहे, तीही ताणलेल्या कापडाचीच. पाऊल टाकलं की सुतळीच्या बाजेवर उभं राहिल्यासारखी दबते. पट्ट्याचा आकडा बाजूच्या तारेत अडकवलेला असतो, तो आपल्याबरोबर ओढत न्यायचा. सुरुवातीचा चढ २८ अंशांचा. पोटऱ्या भरून येतात. माथा जवळ येईल तशी वाट सपाट होत जाते आणि मग सगळे उगाच शूर होतात. वारा मात्र थट्टा करत नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत युनिस वादळानं याच छपराच्या चिंध्या केल्या होत्या. या उपद्व्यापाचं तिकीट स्वस्त नाही हेही सांगायला हवं. आत्याला मी आकडा सांगितलाच नाही.

वर एक गोल चौथरा आहे. आकडा सोडवून तिथे मोकळं फिरता येतं, खिशातले फोन बाहेर येतात. ५२ मीटर म्हणजे लंडनच्या हिशेबानं काहीच नाही. शार्डचा सज्जा याच्या चौपटीहून उंच आहे, आणि तिथे लिफ्टनं जाता येतं. पण तिथून शहराचा नकाशा होऊन जातो. डोमवरून बोटीवरचा माणूस माणूसच दिसतो. थेम्स तीन बाजूंनी वळसा घालून जाते. पश्चिमेला कॅनरी वॉर्फचे बँकांचे मनोरे अगदी अंगावर येतात. पूर्वेला पुराचं पाणी अडवणाऱ्या थेम्स बॅरिअरचे चंदेरी टोप, सिल्व्हरटाउनचा साखर कारखाना, सिटी एअरपोर्टवर उतरणारी छोटी विमानं. बिग बेन शोधण्यात लोक वेळ घालवतात. मी त्यांना पाठ फिरवायला लावते.

समोरच्या काठावर ईस्ट इंडिया डॉक होता. १८०६ मध्ये उघडला, कंपनीच्या जहाजांतून चहा, मसाले, रेशीम तिथेच उतरायचं. पुढे वाफेच्या बोटी आल्या, तेव्हा पलीकडच्या रॉयल डॉक्समध्ये पी अँड ओच्या बोटी लागायच्या. त्यांच्यावर डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी असत आणि जेवणघरात गोव्याचे वाढपी. परतीची बोट मिळेपर्यंत असे खलाशी त्याच्या आधीपासूनच थंडीत इथे अडकून पडत. त्यांचे हाल इतके वाढले की १८५७ मध्ये लाइमहाउसला त्यांच्यासारख्या परदेशी खलाशांसाठी एक आसरागृह काढावं लागलं. आम्ही मराठी लोक लंडनचा इतिहास सांगताना बॅरिस्टरांपासून सुरुवात करतो. बॅरिस्टरांची सामानाची पेटी बोटीतून कुणी उतरवली, हे कुणी विचारत नाही.

हे सगळं मी वाऱ्यात ओरडून सांगत होते. आत्या ऐकत होती की नाही कळेना. तेवढ्यात गाइडनं सगळ्यांना पुन्हा तारेला जोडलं. उतरण ३० अंशांची, चढापेक्षा तिखट. आत्या तिरकी पावलं टाकत, गडावरून उतरावं तशी सरसर खाली गेली आणि बूट काढताना म्हणाली, "उद्याचा राजवाडा राहू दे. त्या गोदीत जाता येतं का बघ."

येतं. बरीचशी गोदी बुजवलीय, तोंडाशी एक तळं उरलंय, तिथे आता पक्षी येतात. डीएलआरचं स्टेशनही जवळ आहे, त्याचं नाव अजून ईस्ट इंडियाच.